आरपार दिसणारी वीट

माझ्या गॅलरीत एक वीट ठेवलेली आहे. घराची नाही, गाडीची. पिठाच्या डब्याएवढी गोल, पांढरट-पिवळी, चिनीमातीसारखी कडक. तिच्यात बारीक चौकोनी भोकं आहेत. मोजायला बसलं तर दुपार संपते, भोकं संपत नाहीत. एका तोंडाला डोळा लावला की दुसऱ्या तोंडातून आभाळ दिसतं. हिवाळ्यात दुपारी सूर्य बरोबर रांगेत आला की फरशीवर उजेडाचे ठिपके पडतात. थोडाच वेळ. मग एकेक करून विझतात. मी तेवढ्यासाठी खाटेवर बसून राहतो आणि विझले की उठून चहा ठेवतो. पूर्वी ही चहाची वेळ बायको ठरवायची.

वीट मेलेली आहे. पाहून कोणी म्हणणार नाही. तडा नाही, काजळी नाही, एकही भोक बुजलेलं नाही. वर्कशॉपवाल्याने ती काढून माझ्या हातात दिली तेव्हा मीही उजेडाकडे धरून म्हटलं, "अरे, ये तो साफ है. जाम कहाँ है?"

तो म्हणाला, "चाचा, जाम होती तो हम खोल देते. ये जाम नहीं है. इसको ज़हर चढ़ा है."

ते जहर मी पाजलं. त्याची ही गोष्ट आहे.

मी सातवी शिकलो. वर्धा जिल्ह्यातून पोटासाठी लखनौला आलो, एका सरकारी कंपनीच्या वर्कशॉपात लागलो आणि डिझेल इंजिनं खोलता-बांधता म्हातारा झालो. नोकरी संपल्यावर एक तेरा सीटची नवी गाडी घेतली. पहाटे निशातगंज आणि महानगर या वस्त्यांतली पोरं-पोरी उचलायची, अमौसीला विमानतळावर ड्यूटीला सोडायची, संध्याकाळी उलट. राहायला आम्ही अमौसीच्याच बाजूला. मधल्या वेळात गाडी दारात उभी असायची आणि बायको तिच्यात बसून वाटाणे सोलायची. घरात ऊन येत नाही म्हणायची. खरं म्हणजे तिला गाडी आवडायची. पुढच्या सीटवर मांडी घालून बसायची, जशी काही गाडी कुठे निघालीच आहे.

नव्या डिझेल गाड्यांची तऱ्हा वेगळी. धूर सरळ बाहेर सोडत नाहीत. सायलेन्सरच्या वाटेवर ही वीट बसवलेली असते आणि तिच्याआधी युरियाचं पाणी फवारलं जातं. उष्णतेने त्या पाण्याचा वायू होतो. विटेच्या भिंतींना एक पातळ लेप असतो, त्या लेपावर तो वायू आणि धुरातला विखारी वायू भेटतात आणि दोघांची वाफ आणि साधी हवा होऊन जाते. मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. पण ते खरं आहे. पाइपातून हवा येते ती डोळ्याला झोंबत नाही. चाळीस वर्षं मी जो धूर खाल्ला तो असा गोड झालेला पाहून कधी कधी मागे नुसता उभा राहायचो.

ते युरियाचं पाणी डब्यात तयार मिळतं. पंपावरही मिळतं. आता माझ्यासारख्याला ते पटेल का? पाणी विकत आणायचं? युरिया म्हणजे खत. गावाकडे कापसाला मीच फेकलं आहे मुठी भरभरून. म्हटलं, यात काय अवघड आहे. शहराबाहेरच्या खताच्या दुकानातून एक गोणी आणली, गच्चीवर बादली मांडली, टाकीचं पाणी घेतलं, काठीने ढवळलं. पैशाचं तर होतंच, पण त्याहून जास्त अकड होती. कंपनीवाल्या पोरांनी मला शिकवावं, हे सहन होत नव्हतं.

बायकोने विहारात नेसायची एक जुनी पांढरी साडी फाडून दिली. दर पौर्णिमेला आम्ही इथली पाच-पंचवीस मराठी घरं वंदनेला जमतो, त्यासाठीची ती साडी धुऊन धुऊन मऊ झालेली. तिची चार पदरी घडी करून आम्ही दोघं गच्चीवर पाणी गाळायचो. ती एका बाजूने फडकं धरायची, मी ओतायचो.

"अजी," पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "याले निंबोळीचा वास येते."

"आजकाल खताला कडुलिंबाचं तेल लावून देतात. वास येणारच."

"मंग? गाडीले जंत झाले का? कडुलिंब काहून पाजता तिले?"

मी हसलो नाही. ती हसली आणि हसताना तिला धाप लागली. तिचं हृदय आधीपासून कमजोर होतं, गोळ्या चालू होत्या. बादलीच्या कडेवर टेकून ती जरा वेळ बसली. आमच्या टाकीचं पाणी किती जड आहे हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. चहाच्या पातेल्याला आतून पांढरा पापुद्रा चढतो, नळाच्या तोंडाला दाढी आल्यासारखी. बसल्या बसल्या ती फडक्याकडे पाहत होती. त्यावर थोडे खडे आणि कचरा अडकलेला. मग म्हणाली,

"मी काय म्हंते, भाजीत मीठ जास्त झालं आन् ते फडक्यातून गाळलं, तं मीठ फडक्यात राहते का?"

"तू खाली जा. पोळ्या कर."

हे मी बोललो. शब्द असेच होते. ती शाळेत गेली नव्हती आणि मी सातवी होतो.

जे विरघळलेलं असतं ते कोणत्याच फडक्यात अडकत नाही. मला ते वर्कशॉपवाल्याने नंतर समजावलं, ती त्याच्या पाच-सहा महिने आधी बोलून गेली होती. खतातले क्षार, टाकीच्या पाण्यातला चुना, सगळं थेंबाथेंबाने विटेवर जाऊन बसलं. एसटीत लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. लेपावर जागा असतात, जिथे त्या दोन वायूंनी टेकायचं असतं. तिथे रुमाल पडला की सीट रिकामी दिसते पण बसता येत नाही. डिझेलमधला गंधकही असा रुमाल टाकतो, पण विटेला खूप तापवलं तर तो उठतो. हे क्षार उठत नाहीत. गाडी पळत राहते, वरून काही कळत नाही, आणि आत जागा भरत जातात.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. थंडी पडली तेव्हा समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागला. मी युरिया फवारणारं नळकांडं खोलून पाहिलं, तोंडावर पांढरे खडे जमले होते. खरवडून धुतलं. मनात जरा पाल चुकचुकली म्हणून गाडीतली युरियाची टाकी रिकामी करून डब्यातलं विकतचं पाणीही भरलं. दिवा दोन दिवस गेला आणि पुन्हा आला. वर्कशॉपला न्यायला हवी होती. नेतो नेतो म्हणत आठवडा काढला. तिथे जाऊन काय सांगणार होतो? घरी बादलीत बनवलं म्हणून?

बायको त्या दिव्याकडे बघायची. वाटाणे सोलताना एकदा म्हणाली, "हा डोळा काहून वटारून राह्यला?" मी म्हटलं, तुझ्याकडेच बघतो आहे, वाटाणे कच्चे खातेस म्हणून.

मग ती सकाळ. त्या दिवशी फेरी नव्हती. उजाडलं होतं पण धुकं एवढं की दारातून गाडीचा मागचा भाग दिसत नव्हता. ती उठून बसलेली आणि श्वास तोंडाने घेत होती. पाय सुजले होते. म्हणाली, "छातीवर कोणी बसल्यासारखं होते." तिचे डॉक्टर महानगरच्या पुढे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. अँब्युलन्स बोलावता आली असती. दारात स्वतःची गाडी असताना मला ते सुचलंच नाही. तिला पुढच्या सीटवर बसवलं, शाल पांघरली, मुलीला फोन केला. मुलगी निशातगंजला राहते, बँकेत आहे. तिला मराठी सगळं समजतं, बोलते हिंदी. ती म्हणाली, "आप निकलिए बाबा, मैं सीधे अस्पताल पहुँचती हूँ."

गाडी सुरू झाली आणि पुढे सरकली. सरकली म्हणजे सरकलीच. पाय पूर्ण दाबला तरी काटा वीसच्या वर जाईना. आता दिवे दोन झाले होते. नव्या गाड्यांत ही सोय करून ठेवलेली आहे. विटेचं काम थांबलं की गाडी स्वतःच स्वतःला बांधून घेते, म्हणजे मालकाने झक मारत वर्कशॉपला जावं. मला ते सांगितलेलं होतं. पण त्या वेळी डोक्यात जुनी इंजिनंच होती. थंडीत डिझेल जड असतं, गरम झाली की धरेल.

विमानतळाच्या फाट्याशी मी म्हटलं, "गरम झाली की धरेल."

आलमबागला म्हटलं, "आता धरेल."

तिथे मेट्रोच्या खांबांखाली ऑटोवाले शेकोटी करून उभे होते. तिने बघितलं. म्हणाली, "अजी, रिक्षा पाहता का?"

"गप बस. चालते आहे ना गाडी?"

चालत होती. मी थांबलो नाही. ऑटोवाले मागे गेले, धुक्याने त्यांना पुसून टाकलं. शेकोटीचा लाल ठिपका तेवढा आरशात थोडा वेळ राहिला.

तिने काच अर्धी खाली केली. मी ओरडलो, थंडी लागेल. ती म्हणाली, हवा बरी वाटते. आणि मग ती बाहेर बघत राहिली. मी असं कधी चालवलं नव्हतं, आम्ही असे कधी गेलोच नव्हतो. दूध नेणारे सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते आणि जाताना आत डोकावत होते. चारबाग स्टेशनचे घुमट आले, पण खालची इमारत नव्हतीच. नुसते घुमट, वर तरंगत. ती मान मागे वळवून बघत राहिली ते पार दिसेनासे होईपर्यंत. म्हणाली, "इतकी वर्षं झाली, मी याच्याखालून सामान घेऊन पळतच गेले. वर कधी पाह्यलं नाई."

पुढे चौकातल्या गर्दीत गाडी पायी चालीवर आली, तेव्हा एक मक्खन मलाईवाला सायकल हाताने ढकलत आमच्या बरोबरीने चालू लागला. मोठ्या थाळीत रात्रभर दवात ठेवून घुसळलेल्या दुधाचा पांढरा-पिवळा फेस, वर लाल फडकं. गाडी आणि तो, दोघांची चाल एकच. तिने खिडकीतून विचारलं, "भैया, ये क्या है, कोहरा बेच रहे हो?"

तो हसला. "अम्मा, ओस पड़ती है तभी बनती है. समझो कोहरा ही है."

"तो थोड़ा दे दो."

"दवाखान्यात जायचंय की खायचंय?" मी म्हटलं. तोवर त्याने चालता चालता पानाचा दोना भरून खिडकीतून दिलाही होता. गाडी थांबवायची गरजच पडली नाही. पैसेही तिनेच कनवटीतून काढून दिले. तिने दोन घास खाल्ले. तिसरा माझ्या तोंडाजवळ आणला. मी स्टिअरिंग धरून रागात होतो, तोंड मिटलेलं. तिने तो ओठांवर तसाच टेकवून ठेवला, मी तोंड उघडेपर्यंत. जिभेवर ठेवल्याबरोबर तो नाहीसा झाला. केशराचा वास राहिला.

गोमतीचा पूल आला तेव्हा नदी नव्हती. वर पांढरं, खाली पांढरं, मध्ये आम्ही. इंजिनचा आवाजसुद्धा धुक्याने कापसात गुंडाळल्यासारखा. ती माझ्या खांद्याला डोकं लावून होती. श्वास ऐकू येत होता, आखूड आखूड. मी तो ऐकत होतो, जसं इंजिन ऐकतो. म्हणाली, "हळूच चालवा. अशीच." मला वाटलं टोमणा आहे. आज वाटतं, नव्हता. पण मला खात्री नाही, आणि विचारायला कोणी नाही.

दवाखान्याच्या दारात मुलगी स्ट्रेचर घेऊन उभी होती. "इतनी देर कैसे लगी बाबा?"

मी म्हटलं, "कोहरा था."

तिसऱ्या दिवशी दुपारी बायको गेली.

नंतर गाडी वर्कशॉपला नेली, वीट निघाली, नवी बसली. आता गाडी पाय टेकवला की पळते. मी मात्र जुनी वीट मागून घेतली. वर्कशॉपवाला म्हणाला, क्या करोगे चाचा, इसका? मी ती उचलून गाडीत ठेवली. पहिल्या दिवशी तिचं तोंड उजेडाकडे धरून मी एकेका भोकातून बघत बसलो, कुठे काही दिसतं का म्हणून. काही दिसत नाही. आरपार आहे.

मुलगी दर रविवारी यायची. भाजी चिरून ठेवायची, माझी औषधं लावायची. धुक्यावर तिचा विश्वास बसला होता. पाहुण्यांना सांगायची, उस दिन कोहरा इतना था कि बाबा बेचारे क्या करते. हे 'बेचारे' ऐकलं की मी उठून गॅलरीत जायचो. मी कोणाला भीत नाही, साहेबाला तोंडावर मूर्ख म्हटलेला माणूस आहे. पण पोरीला भ्यालो. तीच एक उरली आहे. तीही गेली तर या घरात मी आणि वीट.

आधी डॉक्टरकडे गेलो. सरळ विचारलं, "अर्धा-पाऊण घंटा पहले लाता तो बच जाती क्या?"

डॉक्टर माझ्याच वयाचे असतील. त्यांनी कागद पुन्हा काढून पाहिले. म्हणाले, "दिल बहुत थक चुका था. लेकिन झूठ नहीं बोलूँगा. फ़र्क़ पड़ता या नहीं पड़ता, मुझे नहीं मालूम."

बाहेर येऊन पायरीवर बसलो. 'नाही' म्हणाले असते तर मी पोरीला काही सांगितलं नसतं. हे मला तिथे कळलं.

त्या रविवारी ती गॅलरीत झाडू मारत होती. वीट उचलून म्हणाली, "ये कबाड़ कब तक रखेंगे?"

मी म्हटलं, "बस खाली." आणि सांगितलं. बादली, खत, टाकीचं पाणी, आईची साडी. मिठाचं सांगितलं. दिवा आठवडाभर लागलेला होता हे सांगितलं. आलमबागचे ऑटोवाले सांगितले. धुकं होतं, पण धुक्याने उशीर झाला नाही.

ती झाडू धरून उभीच राहिली. म्हणाली, "मम्मी ने ऑटो के लिए बोला था?"

"हो."

"और आपने मना किया?"

"गप बस म्हटलं."

"रास्ते से एक और फ़ोन कर देते बाबा. मैं एम्बुलेंस भेज देती. एक फ़ोन."

मी तिला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, ते तिने ऐकलं की नाही कोण जाणे. झाडू भिंतीला टेकवला, चप्पल घातली आणि गेली. भाजी अर्धी चिरलेली राहिली.

पुढचा रविवार आला नाही. म्हणजे रविवार आला, ती आली नाही. त्याच्या पुढचाही तसाच. मी फोन केला नाही. काय म्हणणार होतो? दुपारी ठिपके पडायचे, विझायचे. मी चहा ठेवायचा विसरू लागलो.

तिसऱ्या रविवारी सकाळी दार वाजलं. धुकं होतं. ती आत आली नाही. डोळे सुजलेले, मफलर कानाभोवती. म्हणाली, "गाड़ी की चाबी लीजिए."

"कुठे जायचं?"

"जिस रास्ते से मम्मी को ले गए थे. और उतनी ही धीरे चलाइएगा."

"आता गाडी चांगली चालते, बेटा."

"मालूम है. फिर भी."

ती पुढच्या सीटवर बसली. बसताना हात सीटच्या फटीत गेला आणि तिथून काहीतरी निघालं. सुकलेला वाटाणा, खडा झालेला. तिने तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि मुठीत धरून ठेवला.

मी वीसवर चालवत होतो. पळणाऱ्या गाडीला वीसवर धरून ठेवणं सोपं नसतं, पायाला गोळा येतो. मागून हॉर्न वाजत होते. एक जण बाजूने जाताना ओरडला, "चचा, बारात है क्या?" पोरीने काच खाली करून त्याला असं काही सुनावलं की मी आयुष्यभर वर्कशॉपात राहूनही दचकलो. आईची नाही, माझी आहे ती, हे मला तेव्हा कळलं.

आलमबागला ऑटोवाले होते. शेकोटी होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली, ते मागे जाईपर्यंत.   तो तुकडा रस्त्यावरचा सगळ्यात लांब तुकडा होता.

चारबागला मी हाताने वर दाखवलं. घुमट तरंगत होते. तिने मान मागे टाकून पाहिलं.

"यहीं पे बोली थीं?"

"हो. वर कधी पाह्यलं नाई म्हणे."

"मैंने भी नहीं देखा," ती म्हणाली.

मलाईवाला त्या दिवशी भेटला नाही. पुढे दुसरा एक कोपऱ्यावर उभा होता, त्याच्याजवळ मी गाडी थांबवली, उतरलो आणि एक दोना घेऊन आलो. तिने घेतला. खाल्ला नाही, मांडीवर धरला. फेस बसत चालला होता.

गोमतीवर आलो तेव्हा ती म्हणाली, "माफ़ नहीं किया है अभी."

"नको करू."

"चलाइए."

पूल संपत आला तेव्हा तिने चमचाभर मलाई माझ्यासमोर धरली. रागातच. बाहेर बघत. मी या वेळी लगेच तोंड उघडलं.